एका सर्पमित्राच्या वह्या: कामाच्या नोंदी

वाई तालुक्यात साप निघाला की ज्याला फोन जायचा तो आमचा मित्र एप्रिल 2024 मध्ये गेला. लोक सगळ्यात आधी जे विचारतात त्याचं उत्तर देऊन टाकतो: साप चावून नव्हे, हृदयविकाराने, झोपेत. मागे राहिल्या 1998 पासूनच्या नोंदवह्या, माळ्यावरच्या काही बरण्या आणि गावोगावच्या भिंतींवर रंगवलेला त्याचा मोबाइल नंबर. या तिन्हींची व्यवस्था लावताना ठेवलेल्या या नोंदी. सर्पमित्रांची पहिली पिढी आता साठीकडे झुकली आहे. हे काम आज ना उद्या बऱ्याच घरांत निघेल, तेव्हा कुणाचा वेळ वाचला तर बरं.

9 जून 2024

वह्या खताच्या प्लास्टिक गोणीत होत्या, तोंड सुतळीने करकचून बांधलेलं. पाऊस लागू नये म्हणून त्यानेच बांधलं असणार. पण गोणी बंद असली की आतली ओल आतच राहते. 2003 ते 2006 च्या वह्यांची पानं एकमेकांना चिकटली होती आणि कडांना कसर लागली होती. वाळवी नव्हती, एवढं नशीब.

उन्हात घालायचा मोह होतो, घालू नका. एक वही घातली तर पानं पापडासारखी वळली आणि पुठ्ठा शिवणीतून सुटला. बाकीच्या सावलीत, पंख्याखाली, उभ्या आणि थोड्या फाकवून ठेवल्या. पानांमध्ये रद्दी वर्तमानपत्रं घातली होती, तर छापील बातम्या दमट पानांवर उमटल्या; मग कोरे कागद आणले. चिकटलेली पानं थोडी दमट असतानाच स्टीलची पातळ पट्टी सरकवून सुटी करायची. जी आम्ही पूर्ण वाळू दिली ती सुटताना फाटली.

16 जून 2024

माळ्यावरच्या बरण्या. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले मेलेले साप. शाळेत बोलायला जाताना तो त्या न्यायचा.

इथे भावनेने काही करू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 प्रमाणे वन्यप्राणी, मेलेला असला तरी, सरकारची मालमत्ता ठरतो आणि ज्याच्या हाती तो येतो त्याने 48 तासांत वनखात्याच्या अधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याला कळवायचं असतं. ‘कॉलेजला देऊन टाकू’, ‘नदीकाठी पुरून टाकू’ हे दोन्ही सल्ले आम्हाला मिळाले. दोन्ही चूक. वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज दिला: मित्र वारला, घर आवरताना या वस्तू सापडल्या, ताब्यात घ्याव्यात. अर्जाला मृत्यूचा दाखला जोडला. वनपाल आले, पंचनामा झाला, बरण्या गेल्या. पंचनाम्याची प्रत मागून घ्या, ती घरच्यांच्या नावावर पडेल अशी बघा.

एक जोडी देताना जीवावर आलं. मण्यार आणि कवड्या, शेजारी शेजारी. तालुक्यात मण्यार समजून जेवढे कवडे मारले जातात तेवढं दुसऱ्या कुणाचं नुकसान होत नसेल. मण्यारीचे पांढरे पट्टे बारीक, बहुतेक जोडीने, आणि डोक्यापासून थोड्या अंतराने सुरू होऊन शेपटीपर्यंत जाणारे. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, तिथे रुंद असतात आणि शेपटीकडे विरत जातात. शिवाय मण्यारीच्या पाठीच्या मधल्या ओळीतले खवले मोठे, षट्कोनी. हे चित्रात दाखवून पोरांना कळत नाही, बरणीत कळतं. देण्यापूर्वी दोन्हींचे फोटो काढून घेतले, बाजूला मोजपट्टी ठेवून. फोटो काचेतून काढताना बरणीमागे काळा कागद लावा, नाहीतर आपलाच चेहरा दिसतो.

23 जून 2024

नंबर. यात सगळ्यात जास्त घोळ झाला.

पहिला पाऊस पडला आणि फोन सुरू झाले. “भाऊ हायत का? चुलीमागं शिरलाय.” भाऊ नाहीत हे सांगायला लागतं, मग पलीकडचा माणूस गप्प होतो, आणि साप तर चुलीमागेच असतो. नंबर बंद करून टाकावा असं घरात दोघा-तिघांचं म्हणणं पडलं. पण तो बंद झाला तर भिंतीवर वाचून फोन करणाऱ्याला नुसती टेप ऐकू येणार, आणि मग तो काठी शोधणार.

प्रीपेड नंबर तीन महिने वापरलाच नाही तर कंपनी तो काढून घेऊ शकते आणि पुढे दुसऱ्या कुणाला देऊ शकते. म्हणजे ‘नंतर बघू’ चालत नाही. वारसाच्या नावावर करायला मृत्यूचा दाखला, वारसाचं ओळखपत्र आणि बाकी वारसांची हरकत नसल्याचं पत्र मागितलं. दाखल्यावर त्याचं नाव वडिलांच्या नावासकट होतं, सिमकार्डवर नुसतं नाव-आडनाव. दोन्ही माणसं एकच, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र करावं लागलं. तोवर रिचार्ज चालू ठेवला.

फोन पुढे वळवून माझ्याकडे घ्यायचा असं ठरलं. मी सापाला हात लावत नाही. तालुक्यातले दोघे शिकलेले सर्पमित्र आहेत, त्यांना निरोप द्यायचा. हे फसलं. मी कामावर असताना फोन उचलू शकत नाही, आणि साप दुपारीही निघतात. मग दोघांपैकी एकाकडे वळवला. तो शेतात रेंजबाहेर. शेवटी वहिनी म्हणाल्या, “इतकी वर्षं मीच तर उचलत होते. ठेवा इथंच.” नंबर त्यांच्याच नावावर झाला.

7 जुलै 2024

पानांचे फोटो. स्कॅनरखाली जाड शिवणीची वही सपाट बसत नाही, मधला मजकूर काळा पडतो. वही उघडून वर खिडकीच्या काचेचा तुकडा ठेवला, मोबाइल स्टँडला लावला, उजेड दोन्ही बाजूंनी तिरका. वरून दिवा असला की काचेत चमकतो. काचेच्या कडा घासून घ्या, बोट कापतं. एकूण खर्च काच, दोन टेबललॅम्प आणि चहा. हाताने लिहिलेला मराठी मजकूर आपोआप टाइप करून देणारं ॲप वापरून पाहिलं. त्याने ‘धामण, न्हाणीघर’ याचं ‘धरण, महाविद्यालय’ केलं. हाताने टाइप करणे हाच मार्ग.

21 जुलै 2024

टायपिंगला त्याच्या दोन विद्यार्थ्यांनी मदत केली. (विद्यार्थी म्हणजे शाळेतले नव्हेत, त्याच्यामागे पिशवी धरून फिरलेले.) तक्ता तयार झाला, महिन्याप्रमाणे लावून पाहिला, आणि 2007 मध्ये जानेवारीत नागाची पिल्लं निघालेली दिसली. नाग उन्हाळ्यात अंडी घालतो, पिल्लं बाहेर येतात ती पावसाच्या सुरुवातीला. जानेवारीत पिल्लं म्हणजे काहीतरी गडबड.

गडबड अशी: तक्त्याचं प्रादेशिक सेटिंग अमेरिकेचं होतं. 1/7/2007 टाइप केलं की ते 7 जानेवारी समजलं जात होतं. 13 तारखेपासून पुढच्या तारखा त्याला समजतच नव्हत्या, म्हणून त्या नुसता मजकूर म्हणून पडून होत्या, क्रमवारीत शेवटी गोळा. काहींनी देवनागरी आकडे टाइप केले होते, तेही मजकूरच. नशिबाने वही दिवसाच्या क्रमाने लिहिलेली असते, त्यामुळे उडी मारलेली तारीख सापडते. पण प्रत्येक पान पुन्हा बघावं लागलं. पुढे ज्याला करायचं असेल त्याने दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने करावेत आणि आकडे 1, 2, 3 असेच टाइप करावेत. सगळा पसारा वाचेल.

त्यात त्याने स्वतःच बऱ्याच ठिकाणी तारीख लिहिलेली नाही. ‘बगाड’. ‘पालखी लोणंदला’. ‘गटारीच्या आदल्या रात्री’. बावधनचं बगाड रंगपंचमीला निघतं, गटारी म्हणजे आषाढी अमावस्या, माउलींची पालखी लोणंदला कधी होती ते त्या वर्षीच्या वेळापत्रकात असतं. जुनी कॅलेंडरं गोळा केली. गावातल्या एका भटजीकाकांकडे तीस वर्षांची पंचांगं रचून ठेवलेली निघाली, तिथे काम एका बैठकीत झालं. जे जुळलं नाही तिथे फक्त महिना लिहिला आणि ‘अंदाजे’ असा शेरा मारला. अंदाज खऱ्या तारखेसारखा दिसू देऊ नये.

28 जुलै 2024

सापांची नावं. वहीत एकेक अक्षर आहे: धा, ना, घो, म, दि, त, क. धामण, नाग, दिवड, तस्कर, कवड्या इथवर ठीक. ‘घो’ म्हणजे घोणस, की डुरक्या घोणस? एक भारतातल्या सगळ्यात धोकादायक सापांपैकी, दुसरा बिनविषारी. दिसायला अनोळखी माणसाला दोन्ही सारखेच जाड आणि ठिपक्यांचे. ‘म’ तर मण्यार, मांडूळ, मांजऱ्या यांपैकी काहीही. आम्ही संदर्भावरून अंदाज बांधायला लागलो. घरात, अंथरुणाजवळ, रात्री असेल तर मण्यार. शेतात, नांगरताना असेल तर मांडूळ. असे अर्धे पान झाले.

वहिनी चहा घेऊन आल्या, स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, “म म्हणजे मण्यारच. मांजऱ्याला हे ‘मां’ लिहायचे. मांडूळ लिहायचेच नाहीत, ‘दु’ लिहायचे.” दुतोंड्याचा दु. आणि ‘घो’च्या पुढे टिंब असलं की डुरक्या. टिंब आम्ही शाईचा डाग समजून सोडून दिलं होतं. सगळे ‘घो’ मूळ पानावरून पुन्हा तपासले.

मांडुळाचं नाव न लिहिण्याचं कारण उघड आहे. गुप्तधनाच्या आणि लाखो रुपयांच्या भाकडकथांपायी मांडुळाची तस्करी चालते, आणि वही घरात उघडी पडलेली असायची. तोच नियम आम्ही तक्त्याला लावला. घराघरांची नावं एका वेगळ्या, कुलूपबंद तक्त्यात. बाहेर द्यायच्या प्रतीत फक्त गाव. आणि मांडूळ, खवल्या मांजर, चांदणी कासव यांच्या बाबतीत गावही नाही, नुसता तालुका.

याच दिवशी दुसरी गोष्ट कळली. वहीला आठ रकाने आहेत: तारीख, वेळ, गाव, घर, साप, कुठे, काय केलं, आणि शेवटचा ‘का?’. पहिल्या तीन वर्षांत शेवटचा रकाना नाहीच. 2001 पासून आहे, आणि त्यातलं अक्षर वेगळं, गोलाकार. तो दुचाकी काढून निघाला की वहिनी फोनवरच्या माणसाला बोलतं ठेवायच्या: सापावर लांबून नजर ठेवा, पोरं-कुत्री बाजूला करा, दुसऱ्या खोलीच्या दाराखाली कापड कोंबा, फिनेल-रॉकेल ओतू नका. बोलता बोलता विचारायच्या, उंदीर आहेत का, सरपण कुठे रचलंय, मोरीची नळी कुठे उघडते. उत्तर शेवटच्या रकान्यात.

टाइप करणाऱ्या पोरांनी हा रकाना बहुतेक ठिकाणी गाळला होता. ‘त्यात काय, सरपण-बिरपण लिहिलंय.’ आता तो पुन्हा सगळा घालायचा.

9 ऑगस्ट 2024, नागपंचमी

आज फक्त फोन. टायपिंग बंद. एका वर्षीच्या नोंदीत याच दिवशी गारुड्याकडून सोडवलेला नाग आहे: ‘तोंड शिवलेलं. टाका काढला. दूध पाजलेलं. दोन दिवसांनी मेला.’ साप दूध पीत नाही, पचवतही नाही. आधी दिवसेंदिवस तहानलेला ठेवतात म्हणून समोर येईल ते ओलं पितो. सुटका केलेल्यांच्या यादीत हा नाग धरायचा का, यावर आमचा वाद झाला. त्याने मेलेलेही लिहून ठेवलेत, तेव्हा ‘काय केलं’मध्ये ‘मेला’ असा वेगळा प्रकार केला.

15 सप्टेंबर 2024

तक्ता आता वाचण्याजोगा आहे. मी ज्यासाठी बसलो होतो त्यापेक्षा वेगळंच काही दिसायला लागलंय.

सुरुवातीच्या वर्षांत ‘काय केलं’ रकान्यात एकच उत्तर: ‘प. घाट’. म्हणजे पसरणी घाटात सोडला. भुईंजचा नाग, ओझर्ड्याची धामण, मेणवलीची दिवड, सगळे घाटात. तेव्हा सगळेच असं करत. साप म्हणजे जंगलातला प्राणी, त्याला जंगलात पोचवला की पुण्य. दिवड तर पाण्याकाठचा साप, तिला घाटाच्या कोरड्या उतारावर काय करायचं होतं?

2004 मध्ये एक नोंद आहे: ‘धा. शेपूट तुटकी. ओढ्यापलीकडे सोडली.’ नंतर त्याच घरची: ‘तीच.’ पुन्हा काही पानांनी: ‘तीच. राहू दे म्हणालो. गोठ्यात उंदीर आहेत, तीच खाईल.’ आणि त्याच सुमाराला घाटातली एक: ‘परवा सोडलेला ना रस्त्यावर, गाडीखाली. फण्याच्या खुणेवरून ओळखला.’ पुढे घाट कमी कमी होत जातो. ‘बांधाला.’ ‘घरामागच्या ओढ्यात.’ ‘त्याच शेतात, विहिरीकडेला.’ सापाला आपल्या परिसरातली बिळं, पाणी, भक्ष्य माहीत असतं. लांब नेऊन सोडलेला साप जास्त भटकतो आणि जास्त मरतो, हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. याला ते अभ्यास माहीत नव्हते बहुधा. तुटक्या शेपटीची धामण माहीत होती.

आणि 2012-13 पासून नवा शेरा: ‘उ. ना.’ उचलला नाही. फोन आला, गेला किंवा फोनवरच बोलला, साप ओळखला, आणि तिथेच राहू दिला. शेवटच्या काही वर्षांत असे शेरे अर्ध्याहून जास्त.

साप धरायचा चिमटा त्याने वापरायचं का सोडलं तेही इथेच मिळालं. 2005 पर्यंत ‘चिमट्याने’ असं येतं, त्यात पुढे ‘बरगडी?’ असं प्रश्नचिन्ह दोनदा. सापाची पाठ म्हणजे सगळा मणका आणि बरगड्या. घाबरलेला माणूस चिमटा जोरात दाबतो. नंतर कायम हुक, पाइप आणि पिशवी. साप स्वतःहून पाइपमध्ये शिरतो, कारण त्याला बीळच हवं असतं. नव्याने शिकणाऱ्यांना सांगतो: चिमट्यावर पैसे घालवू नका. आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय, कुणाच्या हाताखाली शिकल्याशिवाय हुकावरही नको.

20 ऑक्टोबर 2024

भिंती. त्याच्या नंबराखाली वनखात्याची मदतवाहिनी 1926 आणि रुग्णवाहिकेचा 108 हे दोन्ही रंगवायचं ठरवलं होतं, म्हणजे सगळा भार वहिनींवर राहू नये. पेंटर ठरवला, एका भिंतीचे 400 रुपये, रंग आमचा. निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि भिंतींवर चुना फिरला. त्याचा नंबर निम्म्या गावांत कुठल्या ना कुठल्या पुढाऱ्याच्या ‘सौजन्याने’ रंगवलेला होता, त्यामुळे सौजन्याबरोबर नंबरही गेला. काम डिसेंबरवर. पुन्हा रंगवताना कुणाचंही सौजन्य घ्यायचं नाही, ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घ्यायची. 

22 डिसेंबर 2024

थंडीत फोन कमी होतील म्हणून निवांत होतो. नाग-धामणींचे कमी झाले, घोणशीचे वाढले. तक्त्यात पाहिलं तर दर वर्षी हेच. थंडीत घोणशीचा मिलनाचा काळ, नर मादीच्या शोधात फिरतात, एकाच बांधावर दोन-तीन दिसतात. त्यात ऊसतोड चालू. तोडणी कामगारांच्या खोपट्यांत भुईवर झोपणारी माणसं, पाचटात घोणस. ‘का?’ रकान्यात डिसेंबर-जानेवारीत सारखं तेच: ‘तोड चालू’, ‘पाचट’, ‘अनवाणी’. मुकादमाला गाठून टॉर्च आणि गमबूट यांवर बोललो. टॉर्च जमले. गमबूट घालून कोयता चालवता येत नाही म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही.

2009 च्या वहीत एक पान लाल शाईचं आहे. त्याच्या स्वतःच्या दंशाचं. ‘घो. उजवी तर्जनी. दवाखान्यात 40 मिनिटांत. नळीतलं रक्त 20 मिनिटांत गोठलं नाही. प्रतिविष.’ घोणशीच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. साध्या काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात आणि नळी तिरकी करून बघतात. पुढे काय झालं ते आम्हाला माहीत होतं, बोट वाकडंच राहिलं. माहीत नव्हती ती शेवटची ओळ: ‘माझी चूक. फोटोसाठी धरून थांबलो.’

त्यानंतरच्या कुठल्याही वर्षातला, हातात साप धरलेला त्याचा फोटो मला कुणाकडेच मिळालेला नाही.

16 मार्च 2025

वर्षश्राद्ध जवळ आलं. मंडळाच्या पोरांनी चौकात फ्लेक्स लावायचं ठरवलं आहे. मजकूर तयार: ‘पंचवीस हजार सापांना जीवदान देणारे’. फोटो गळ्यात नाग घातलेला, 2002 सालचा.

पोरांना तक्ता दाखवला. बेरीज पंचवीस हजारांच्या आसपासही जात नाही. एक जण म्हणाला, “दादा, फ्लेक्सवर कोण मोजतंय?” मला वाटतं इथेच सर्पमित्रांचं बिनसतं. आकडा मोठा व्हायला हवा म्हणून साप उचलायचा, उचलला म्हणून लांब नेऊन सोडायचा, सोडताना व्हिडिओ करायचा. याने शेवटची दहा वर्षं आकडा कमी करण्यात घालवली, आणि आम्ही तो वाढवून चौकात टांगणार. पोरं प्रेमाने करतायत हे कळतं, तरी नाही.

फोटोला वहिनींनी नाही म्हटलं, एका वाक्यात, आणि विषय संपला.

मग फ्लेक्सवर काय? मी सुचवलं, ‘का?’ रकाना. देशात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000. त्यातली जवळपास निम्मी जून ते सप्टेंबरमध्ये, बहुतेक खेड्यांत, बरीचशी घरात. घरात साप का येतो याची तेवीस वर्षांची उत्तरं आपल्याकडे लिहून आहेत आणि ती आपल्याच गावांची आहेत. सगळ्यात जास्त वेळा आलेली पाच उत्तरं छापू: मोरीच्या नळीला जाळी नाही. सरपण भिंतीला टेकून रचलंय. धान्याची पोती भुईवर, म्हणून उंदीर. दाराखाली बोटभर फट. आणि भुईवरचं अंथरूण. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही, झोपेतला माणूस कूस बदलून पुन्हा झोपतो. खाटेवर झोपलं आणि मच्छरदाणी गादीखाली खोचली तर ती वर येत नाही. “हे काय श्रद्धांजलीचं फ्लेक्स झालं का?” असं पोरं म्हणाली. दोन झाले शेवटी. एकावर त्याचा दुचाकीवरचा साधा फोटो आणि नाव, शेजारच्यावर पाच ओळी. पाच ओळींचा फ्लेक्स वहिनींनी तपासला. मी ‘साप हा शेतकऱ्याचा मित्र’ असं वर घातलं होतं, ते त्यांनी खोडलं. ज्याच्या घरात साप शिरलाय त्याला ते वाचून राग येतो म्हणाल्या.

25 मे 2025

फ्लेक्स वाचून जाळ्यांची मागणी आली, ही अनपेक्षित गोष्ट. एका वस्तीत तक्त्याप्रमाणे दर पावसाळ्यात मोरीतूनच साप येतात. तिथे मोरीच्या नळ्यांना जाळ्या बसवायला घेतल्या. आधी प्लास्टिकची जाळी लावली, आठवड्यात उंदरांनी कुरतडली. मग स्टीलची, पाव इंची भोकांची. ती पक्की सिमेंटने बसवली तर भाताची शितं अडकून मोरी तुंबली आणि बायकांनी स्क्रू ड्रायव्हरने जाळी उचकटून फेकली. बरोबर केलं. आता नळीच्या तोंडावर बसणारं, फिरवून काढता येणारं झाकण केलंय, वेल्डरकडून, नगाला 90 रुपये. मोजमाप प्रत्येक घराचं वेगळं घ्यावं लागतं, कारण नळ्या तीन-चार मापांच्या आहेत. जाळी नळीच्या बाहेरच्या तोंडाला हवी, आतल्या नाही; आत लावली तर साप नळीतच अडकून बसतो आणि पुन्हा फोन.

जूनपर्यंत सगळी वस्ती करायचा बेत होता. यंदा पावसाने मे महिन्यातच सुरुवात केली, निम्मी घरं राहिली. फोन आतापासूनच चालू आहेत. राहिलेल्या घरांना सध्या नळीत गोधडीचा बोळा कोंबायला सांगितलंय, रात्रीपुरता. झाकणं तयार होतील तशी बसवू.

2011 ची वही अजून सापडलेली नाही. त्याने ती कुणाला तरी वाचायला दिली होती एवढंच वहिनींना आठवतं.